मानाची फळी

होडीत माणसं वजनानं बसवायची असतात. आम्ही ती मानानं बसवली.

सत्त्याण्णव सालचा कार्तिक. तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि नाशकात ज्या ज्या घरात लग्नाची मुलगी होती, त्या घरातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. आमच्या घरात तर दारं लावून बोलत होते, कारण आमच्या घरातली लग्नाची मुलगी, म्हणजे माझी थोरली बहीण मोहिनी, हळू आवाजात बोलत नव्हती.

स्थळ सिन्नरचं. मुलगा धनराज, तिथल्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या कारखान्यात सुपरवायझर. उंच, सावळा, केस जागच्या जागी. खोट म्हणावी तर एकच, आणि ती खोट आहे की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. धनराजचा आवाज आमच्यापैकी कोणीच ऐकला नव्हता.

तो मुका नव्हता. त्याला मामा होते.

पुंजामामा विंचूरला कांद्याचे आडते. धनराजचे वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून मामांनीच त्याला सांभाळलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं, आणि त्या ओघात त्याच्या वतीनं बोलायलाही लागले. आडत्याची सवयच ती. शेतकरी माल आणतो, व्यापारी माल घेतो, मधे आडत्या बोलतो. मालानं बोलायचं नसतं.

पहिल्या भेटीत मोहिनीनं धनराजला विचारलं, "तुम्हाला रात्रपाळी असते का?"

"असती की," मामा म्हणाले. "पन आपुन घेत नाय."

"वाचायला आवडतं का?"

"पेपर रोज वाचतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या भेटीत ती मुद्दामच धनराजच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "चहात साखर किती?"

धनराजचे ओठ उघडले. आम्ही सगळे पुढे वाकलो.

"दीड चमचा," मामा म्हणाले.

त्या रात्री मोहिनीनं जाहीर केलं, "मला मुलगा आवडलाय की मामा, तेच कळत नाहीये. त्याच्या तोंडून काही ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." तिकडून मामांचा निरोप आला की रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर आम्ही निफाडकडच्या पाहुण्यांना शब्द देतो. म्हणजे रविवार मावळायच्या आत धनराजनं बोलायचं होतं. एवढं साधं काम. जगात रोज कोट्यवधी माणसं ते करतात.

युक्ती अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि कुठलीही अडचण त्यांना इंजिनासारखी दिसायची. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची पद्धत आहेच. पेठ रस्त्याला डोंगरात एक धरण आहे, काठाला आवळी आहेत. तिथं दोन्हीकडच्या मंडळींनी आवळीभोजन करायचं. मग मुलगा-मुलगी होडीतून एक फेरी मारून येतील. काठावरून दिसतील सगळ्यांना, ऐकू येणार नाही कोणाला. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा मोहिनीनं त्यांना वाकून नमस्कार केला होता.

रविवारी सकाळी पाहुण्यांची जीप आमच्या दारात आली आणि पहिला घोटाळा तिथंच झाला. जीपमधून आधी एक भारदस्त गृहस्थ उतरले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, मिशा वळलेल्या. आमची वत्सलाआत्या पाहुण्यांना पहिल्यांदाच बघत होती. तिनं पुढं होऊन त्यांना गंध लावलं, टॉवेल-टोपी दिली, वर नारळ दिला. गृहस्थांनी शांतपणे टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि जीपचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागले. ते बुधा ड्रायव्हर होते.

मामा मागून उतरले. त्यांनी बुधाच्या डोक्यावरची टोपी पाहिली. आमच्याकडे पाहिलं. दुसरी कोरी टोपी घरात नव्हती, आणि दिलेली टोपी ड्रायव्हरच्या डोक्यावरून काढून मामांना घालावी असं कोणी सुचवलं नाही. मी सुचवणार होतो, पण आईनं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून मामा स्वतःबद्दल दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलू लागले. "मामाचं काय, मामा बसंल कुठंबी." "मामाला कशाला वाढता, आधी ड्रायव्हरला वाढा." पेठ रस्त्याचा अख्खा घाट आणि पुढं आवळीखालची अख्खी पंगत हेच चाललं होतं. बुधा मात्र मन लावून जेवला.

जेवणं झाल्यावर होडीची वेळ आली. होडीवाला सहादू काठाला बिडी ओढत बसला होता. अण्णा म्हणाले, "दोघांना एक चक्कर मारून आण बाबा."

"दोघांना?" आत्या म्हणाली. "एकटी पोर पाण्यावर? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे दोन बगळे आणि एक म्हैस होती. तरी आत्या निघाली. मुलीकडचं माणूस निघालं म्हटल्यावर मामा उठले. "येका बाजूचंच मानूस कसं? तसं मामाचं काय, पन रीत हाय." मामा निघाले म्हटल्यावर यजमान म्हणून अण्णांना जाणं भाग होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी कुठंही बोलावल्याशिवायच जातो. अशा रीतीनं मुलामुलीला एकांत मिळावा म्हणून काढलेल्या होडीत सहादू धरून सातजण चढले. आई म्हणाली, मी पाण्यात येत नाही. ती आमच्या घरातली शहाणी बाई.

आणि मग अण्णांनी सकाळची चूक भरून काढली. "मामा, तुम्ही पुढं. पुढच्या फळीवर. तो मान तुमचा." मामांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. ते पुढच्या टोकावरच्या फळीवर बसले. बसले म्हणजे, होडीनं मान खाली घातली. त्यांच्या शेजारी नवरामुलगा धनराज. मधल्या फळीवर वल्ही घेऊन सहादू. मागं आत्या, मोहिनी आणि अण्णा, आणि त्यांच्या पायाशी मी.

"येवढं पुढं जड नाय का व्हनार?" असं सहादूनं विचारलं नाही. त्यानं बिडी विझवून कानावर ठेवली आणि वल्हं मारलं.

सुरुवातीला फार छान होतं. पाऊस संपून महिना होऊन गेलेला, हवेतली धूळ बसलेली, डोंगर कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. काठावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. सगळे आपोआप गप्प झाले, आत्यासुद्धा, आणि वल्ह्यावरून पाणी निथळण्याचा तेवढा आवाज येत राहिला. धनराज हात खाली सोडून पाण्यातून बोटं ओढत होता. मोहिनी ते बघत होती. मला वाटलं, आता हा बोलतो.

"पाणी गार आहे का?" मोहिनीनं विचारलं.

"गार हाय," मामा म्हणाले. मामांनी पाण्याला हातही लावला नव्हता.

तेवढ्यात खालून कोणीतरी दार वाजवल्यासारखा आवाज झाला. ठक्. मग दगडावर लाकूड ओढल्याचा लांबलचक आवाज. होडीचं पुढचं टोक कशावर तरी चढलं आणि तिथंच थांबलं.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"देऊळ लागलं," सहादू म्हणाला.

धरणाच्या मधोमध हे उत्तर ऐकायला विचित्र वाटतं. सहादूनं सावकाश खुलासा केला. इथं पूर्वी गाव होतं. धरण झालं, गाव उठलं, मारुती वर नेला, देऊळ तसंच राहिलं. त्याचं दगडी छत. "पावसाळ्यामागं होडी वरून जाती. आता पाटाला पानी सोडलंय, उतरलं आसंल हातभर."

"अरे मग आधी सांगायचं!"

"रोज नाय लागत," सहादू म्हणाला. त्यानं एक वल्हं उभं धरून छताला टेकवलं आणि रेटलं. होडी हलली नाही. त्यानं आणखी जोर लावला. वल्हं शेवाळावरून सटकलं, त्याच्या हातातून सुटलं आणि डौलात दूर निघून गेलं. आम्ही सगळे त्या वल्ह्याकडे बघत राहिलो.

"बाजूला खोल किती?" अण्णांनी विचारलं.

"देवळायेवढं."

मी वाकून पाहिलं. एका बाजूला हिरवट दगड, गुडघाभर पाण्याखाली. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, काळं पाणी. माझं पोहणं म्हणजे आमच्या गंगेवर, गोदावरीत, जिथं पाय टेकतात तिथं. मोहिनीला तेवढंही येत नव्हतं. आत्यानं पदर घट्ट खोचला, जणू पाणी पदरातूनच आत येणार होतं.

ते आलं पुढच्या फळ्यांच्या सांध्यातून. आधी पाझर, मग बारीक धार. पुढचं टोक वर चढलेलं, म्हणून पाणी वाहत मागं आमच्याकडे येत होतं. मागची कड आणि तलाव यांच्यात वीतभरही अंतर उरलं नव्हतं. सहादूनं डालड्याचा डबा माझ्याकडे फेकला. मी उपसायला लागलो. मी विनोदी माणूस आहे, पण त्या डब्यानं उपसताना मला एकही विनोद सुचला नाही, यावरून ओळखा.

अण्णांनी हे इंजिन एका नजरेत ओळखलं. पुढं वजन आहे, म्हणून होडी दगडावर बसली आहे. पुढचं वजन उचललं की होडी सुटेल. हे लहान मुलालाही कळलं असतं. अडचण एवढीच होती की पुढचं वजन म्हणजे मामा.

"मामा," अण्णा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "जरा मधे सरकून मागं येता का? आम्ही दोघं पुढं येतो."

मामा वळले नाहीत. काठाकडे बघत म्हणाले, "मागं?"

"होडी सुटेपर्यंत."

"मामाला पुढं बसवलं कुनी? तुमीच ना? आता तुमीच उठवता. पाहुनं, आज होडीतनं उठवलं, उद्या लग्नात पंगतीतनं उठवाल."

"अहो मामा, पाणी येतंय!" आत्या म्हणाली.

"येऊं द्या. मान गेलेला मानूस बुडला काय आन् तरला काय."

काठावर बुधा ड्रायव्हर उभा होता. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. त्यानं आम्हाला हात हलवला. मामांनी ते पाहिलं आणि आणखी घट्ट बसले.

आता मी डोकं लढवलं. "मामा, फेरी झाली, आता आपण परत निघणार. परत जाताना हे मागचं टोक पुढं होणार. म्हणजे मानाची जागा आता ही. तुम्ही तिथं बसलात तर मागं राहाल."

मामांनी विचार केला. कांद्याचा भाव ऐकल्यावर करावा तसा, डोळे बारीक करून. "बराबर हाय," ते म्हणाले. "होडी वळली की येतो."

"वळायला आधी सुटायला हवी."

"मंग सोडा."

"तुम्ही उठल्याशिवाय सुटत नाही."

"वळल्याबिगर मी उठत नाय."

मी डब्यानं पाणी उपसत राहिलो. वारा सुटला होता, आणि आतापर्यंत सपाट असलेलं पाणी आता छोट्या छोट्या लाटांनी मागच्या कडेला चाटायला लागलं. प्रत्येक चाटण्याबरोबर थोडं आत. मी एक डबा बाहेर टाकत होतो तोवर तलाव दीड डबा आत टाकत होता.

धनराज मामांच्या शेजारी बसून होता. त्यानं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा मोहिनीकडे. बोलला नाही. मोहिनीनं तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं स्थळ. आता आम्ही बुडालो काय किंवा पोचलो काय, ही नाहीच म्हणणार.

"अहो अण्णा, मामांचा मान करा," आत्या रडवेली होऊन म्हणाली. "इथल्या इथं करा. टॉवेल नाही, माझी शाल द्या."

"बायकांची शाल?" पुढून आवाज आला.

तेव्हा अण्णांनी ते केलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आमच्या अण्णांना मी झोपताना सोडून कधी बोडक्यानं पाहिलं नव्हतं. टोपीखालचं कपाळ वेगळ्याच रंगाचं होतं, एकदम गोरं, दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं. ते टोपी हातात घेऊन अर्धवट उठले. मुलीचा बाप टोपी काढून कोणाच्या पायाशी ठेवतो म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सहादूसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

"अण्णा," मोहिनी म्हणाली. "टोपी घाला."

"पोरी, सगळ्यांचा जीव..."

"टोपी घाला. ती खाली ठेवलीत तर माझं उत्तर आत्ताच सांगते. नाही."

अण्णा तसेच वाकलेले. टोपी ठेवावी तर लग्न मोडतं, न ठेवावी तर होडी बुडते. मामांची पाठ ताठ होती, पण त्यांचा कान आमच्याकडे होता आणि तो लाल झाला होता. मला अजून वाटतं, कोणी काही न बोलता नुसतं थांबलं असतं तर मामा कदाचित हलले असते. पण थांबायला पाणी तयार नव्हतं.

तेवढ्यात धनराज वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

नवे बूट होते, बहुतेक खास याच दिवसासाठी घेतलेले. त्यानं एक काढला, मोजा काढून आत कोंबला. मग दुसरा. दोन्ही जोडीनं फळीखाली ठेवले. माणसं घाबरून काहीही करतात हे मी ऐकून होतो.

"अरं, बूट कशाला काढतोय?" मामांनी विचारलं.

धनराजनं खाली बोट दाखवलं. देऊळ. देवळावर बूट घालून कसं जाणार?

मामांच्या ध्यानात आलं तोवर त्याचा एक पाय पाण्यात होता. "अरं ये! मारुतीचं हाय ते! लगीन ठरंना आन् मारुतीच्या डोस्क्यावर पाय देतो व्हय रं! आरं ब्रह्मचारी देव त्यो!" धनराज दुसऱ्या पायानंही उतरला. गुडघाभर पाण्यात, दगडावर. त्याचा पाय शेवाळावरून घसरला, तो कमरेपर्यंत खाली बसला, आत्या किंचाळली, तो पुन्हा उभा राहिला. त्यानं होडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं, मामांसकट, आणि वर रेटलं.

होडी करकरली. मग एकदम सुटली.

सुटली ती अशी की वाऱ्यानं तिला हातोहात उचलून नेलं. आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. सावरून पाहतो तर आमच्यात आणि धनराजमध्ये एक लग्नाचा मांडव घालता येईल एवढं पाणी. तो तिथं मधोमध उभा. पँट कमरेपर्यंत भिजलेली, सदरा इस्त्रीचा, आसपास दुसरं काही नाही. एखाद्या माणसाला तलावावर चालता येत असावं आणि मधेच त्याचा विचार बदलला असावा, असा.

"धनराज!" मामा ओरडले. "ये हिकडं!"

कुठून येणार?

सहादूनं उरलेल्या एका वल्ह्यानं होडी वळवायला घेतली. एका वल्ह्यानं होडी जात नाही, फिरते. आम्ही गोल फिरायला लागलो. धनराज डावीकडे दिसायचा, मग उजवीकडे, मग मागं. पुढचं टोक मामांच्या वजनानं आता पाण्यात शिरू पाहत होतं आणि सांध्यातली धार अंगठ्याएवढी झाली होती.

"आसं परत गेलो तर पुन्यांदा चढंल छतावर," सहादू म्हणाला. "आन् मंग फळी ऱ्हात नाय."

वारा आला तसा अचानक पडला. पाणी पुन्हा सपाट झालं. एवढं शांत की ओरडायची गरजच उरली नाही. मोहिनी उभी राहिली. मी तिचा पदर धरून ठेवला.

"तुम्हाला पोहता येतं का?" तिनं धनराजला विचारलं.

"नाय येत वो त्याला," मामाच म्हणाले. पण आवाज निराळा होता, फाटलेला. "लहानपनी हिरीत पडला व्हता. तवापासून मीच पान्यात जाऊ देत नाय. नाय येत त्याला."

"मामा, मी त्यांना विचारलंय."

मामा गप्प झाले. आम्ही सगळे त्या पाण्यात उभ्या माणसाकडे बघायला लागलो. पाणकावळेसुद्धा बघत होते असं माझं मत आहे.

"नाही येत," धनराज म्हणाला.

आवाज साधाच होता. जरा बारीक. त्या उंचीच्या माणसाला आणखी थोडा जाड आवाज मिळायला हरकत नव्हती.

"मग उतरलात कशाला?"

"मामा हलले नसते." तो एक पाऊल सरकला, पायानं दगड चाचपला, थांबला. "मला माहितेय. त्यांना हलवण्यापेक्षा आपण हललेलं सोपं पडतं. मी नेहमी तसंच करतो."

मी मनात म्हटलं, चला, बोलला. संपलं. आता ही खूष होईल, त्याला उचलू, घरी जाऊ. पण मोहिनी माझी बहीण असली तरी माझ्यासारखी नाही.

"म्हणजे जन्मभर तुम्हीच हलणार?" ती म्हणाली.

आत्यानं कपाळाला हात लावला. अण्णा टोपी हातात तशीच धरून बसले होते. मामांनी मोहिनीकडे पाहिलं, मग भाच्याकडे. त्यांना या वेळी उत्तर देता येईना, कारण प्रश्न त्यांच्याबद्दलच होता.

होडी आणखी एकदा गोल फिरली. तो आमच्या मागं गेला, मग पुन्हा समोर आला.

"मामा," तो म्हणाला, "मागं जाऊन बसा."

"कुनाला सांगतोय रं?"

"तुम्हाला. होडी पुढून जड आहे. मागं बसा."

मामा बसून राहिले. त्यांच्या जबड्याची हाडं हलत होती. धनराजला त्यांनी कडेवर वाढवला होता, आणि तोच धरणाच्या मधोमध, परक्या बायकांसमोर, होडीवाल्यासमोर त्यांना जागेवरून उठवत होता. सकाळच्या टोपीपेक्षा हे मोठं होतं. मी डबा थांबवला. मामा नाही उठले तर मोहिनीला उत्तर मिळालंच होतं, फक्त ते धनराजसकट पाण्यात जाणार होतं.

"मामा, लवकर," धनराज म्हणाला. "मला भीती वाटतीये."

मामा उठले.

ते उठले तशी होडी एका अंगाला कलली, आणि अण्णांनी, सहादूनं, मी, सगळ्यांनी त्यांना मिळेल तिथं धरलं. ते आमच्या हातांवरून, खांद्यांवरून, आत्याच्या गुडघ्यावरून रांगत मागं आले. रीतभात काही उरली नाही. मागच्या फळीवर बसल्यावर त्यांनी माझ्या हातातला डबा हिसकावून घेतला आणि कोणाकडेही न बघता पाणी उपसायला लागले. इतक्या जोरात की पहिले दोन डबे अण्णांच्या अंगावर गेले. अण्णांनी तोंड पुसलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

पुढं मोहिनी जाऊन बसली. सगळ्यांत हलकी तीच होती. सहादूनं वल्हं एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं मारत होडी वाकडीतिकडी नेली. छताच्या अलीकडे तिनं हात पुढं केला. धनराजनं तो धरला नाही, आधी होडीची कड धरली, मग हात. आत चढताना तो तिच्या साडीवर पडला आणि "सॉरी" म्हणाला. मामा उपसायचे थांबले. मग पुन्हा उपसायला लागले.

वर आलेल्या माणसाला शाल वगैरे गुंडाळून गप्प बसवतात. आत्यानं शाल गुंडाळली. पण धनराज गप्प बसेना. दगड किती घसरडा होता ते त्यानं सांगितलं. मग दगडावर कोरलेलं कमळ पायाला लागलं ते. मग विहिरीत पडला होता तेव्हा तळाशी एक कासव होतं, ते कोणाला कधी सांगितलं नव्हतं, ते. तिथून तो पंपावर आला. पंपाच्या आत जो पंखा असतो त्याची पाती वाकडी का असतात, सरळ ठेवली तर काय होतं, त्यांच्या कारखान्यात एकदा सरळ ठेवली होती तेव्हा काय झालं. होडी मुंगीच्या वेगानं काठाकडे सरकत होती. सूर्य डोंगराला टेकला. धनराज पाती समजावून सांगत होता, हातांनी आकार करून. मामांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा डबा भरला होता, तो आधी ओतावा लागला.

आत्या मोहिनीच्या कानाशी वाकली. हळू बोलायची तिला सवय नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "अगं बाई, हा एवढा बोलतो? हे जन्मभर ऐकायचं म्हणजे..."

"बोलू दे, आत्या," मोहिनी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "हं. आणि पाती उलटी बसवली तर?"